डोक्याचा मार एकच, मग इलाज निरनिराळे का?

रस्त्यावर अपघात झाला की जखमीभोवती जमलेल्या मंडळींत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "जवळच्या दवाखान्यात न्या, वेळ घालवू नका." दुसरा म्हणतो, "इथे काय सोय आहे? थेट मोठ्या शहरात हलवा." रुग्ण एकदाचा दाखल होतो, पण घोळ संपत नाही. एका रुग्णालयात सांगतात, "रात्रभर नजरेखाली ठेवू." दुसऱ्यात गेल्या गेल्या सीटी स्कॅन होतो. तिसऱ्यात डॉक्टर कवटी उघडण्याची भाषा करतात. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला महागडी इंजेक्शने चालू असतात, आपल्या रुग्णाला मात्र नुसते सलाइन आणि ऑक्सिजन. बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या मनात मग संशय डोकावतो. डॉक्टर हयगय करीत आहेत, की उगाच पैसे काढीत आहेत?

हा संशय नेहमीच खरा असतो असे नाही आणि नेहमीच खोटा असतो असेही नाही. डोक्याच्या माराचे उपचार रुग्णालयागणिक बदलतात, ही गोष्ट जगभरच्या तज्ज्ञांनी मोजून पाहिलेली आहे. त्यातले काही फरक निरुपद्रवी असतात. काही मात्र माणसाच्या जिवावर बेततात. यांतले कोणते कुठले, हे सर्वसामान्य माणसालाही समजू शकते. म्हणून या आठवड्यात त्याचा विचार करू.

पहिली इजा आणि दुसरी इजा

डोके आपटते त्या क्षणी मेंदूला जो मार बसतो ती पहिली इजा. तुटलेले मज्जातंतू पुन्हा जोडण्याचे औषध अजून कोणाकडे नाही. पण गोष्ट तेथे थांबत नाही. मेंदूला सूज येते, कवटीच्या आत रक्त साचते, श्वास नीट चालत नसल्याने प्राणवायू कमी पडतो, शरीरात अन्यत्र रक्तस्राव झाल्याने रक्तदाब उतरतो. यांमुळे मेंदूचा जो भाग पहिल्या आघातातून वाचलेला असतो तोही मरू लागतो. ही दुसरी इजा. ती काही मिनिटांत सुरू होते आणि पुढे काही दिवस चालू राहू शकते.

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. हाताला सूज आली तर कातडी ताणते, कवटी मात्र ताणत नाही. आत सूज वाढली किंवा रक्ताची गाठ झाली की दाब वाढतो आणि मेंदूला होणारा रक्तपुरवठा अडतो. डोक्याच्या माराचा सगळा उपचार म्हणजे या दुसऱ्या इजेशी चाललेली झुंज आहे. रुग्णालयारुग्णालयांतला खरा फरक पाहायचा तो इथेच.

बेशुद्धीचे माप

पूर्वी डॉक्टर केसपेपरवर 'अर्धवट शुद्धीत', 'गुंगीत', 'गाढ बेशुद्ध' असे शब्द लिहीत. एकाची गुंगी म्हणजे दुसऱ्याची बेशुद्धी. मग दोन रुग्णालयांची तुलना करायची कशी? १९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन मेंदूशल्यविशारदांनी त्यावर सोपा तोडगा काढला. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५ आणि हातापायांच्या हालचालीला ६. प्रत्येकात किमान १ गुण मिळतोच. त्यामुळे पूर्ण शुद्धीतल्या माणसाचे १५ गुण होतात आणि अगदी निपचित पडलेल्याचे ३.

ढोबळमानाने १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य मार, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. या तपासणीला ना वीज लागते ना यंत्र. ग्रामीण रुग्णालयातली परिचारिकाही ती करू शकते. एका वेळच्या गुणांपेक्षाही ते वर जात आहेत की खाली घसरत आहेत, याला महत्त्व अधिक. सकाळी १४ असलेला रुग्ण दुपारी ११ वर आला तर ती धोक्याची घंटा समजावी.

तीन देश आणि ७०० रुग्ण

माप हाती आल्यावर तुलना सुरू झाली. १९७७ साली जेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगो, नेदरलँड्स आणि अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील गंभीर मार लागलेल्या ७०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या ठिकाणांच्या उपचारपद्धती सारख्या नव्हत्या. कुठे श्वासयंत्राचा वापर अधिक, कुठे स्टेरॉइडचा. निकाल मात्र चकित करणारा होता. तिन्ही देशांत सुमारे निम्मे रुग्ण दगावले. आकड्यांत जवळजवळ फरकच नव्हता.

यावरून कोणी म्हणेल, कुठेही न्या, जे व्हायचे ते होणारच. परंतु हा निष्कर्ष घाईचा ठरेल. ही सगळी मेंदूच्या शस्त्रक्रियेची खास केंद्रे होती आणि रुग्ण सगळे अत्यवस्थ होते. उत्तम सोयी असलेल्या केंद्रांची आपसात तुलना करणे वेगळे. सोयी असलेल्या आणि नसलेल्या ठिकाणांची तुलना करणे वेगळे.

ही दुसरी तुलना १९८९ साली पुढे आली, आणि तिच्यात आपला देश होता. एका बाजूला दिल्ली आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले शार्लट्सव्हिल. दिल्लीचे ५५१ रुग्ण, तिकडचे ८२२. रुग्णवाहिकेची व्यवस्था आणि अतिदक्षता विभागातील सोयी या बाबतींत दोन्ही ठिकाणी मोठे अंतर होते. दिल्लीत शेकडा ११ रुग्ण दगावले, तिकडे शेकडा ७.

पण खरी शिकवण पुढे आहे. मार किती गंभीर यानुसार गट पाडले तेव्हा जे अगदीच निपचित होते ते दोन्हीकडे बहुतेक दगावले. मोठा फरक दिसला तो मधल्या गटात. सांगितलेले ऐकत नाही, पण चिमटा काढला की त्या जागी हात नेतो, अशा रुग्णांचा हा गट. त्यांच्यातले मृत्यू दिल्लीत शेकडा १२ ते १३ होते, शार्लट्सव्हिलमध्ये ५ च्या आसपास. वाचण्याजोगी माणसे एका ठिकाणी वाचली आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांतली काही गेली.

म्हणून वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की रुग्णालयाच्या निवडीचा सर्वांत जास्त परिणाम मधल्या रुग्णावर होतो. जो विव्हळतो आहे, हात झटकतो आहे, काहीबाही बरळतो आहे, त्याच्या बाबतीत. नेमके अशाच रुग्णाकडे पाहून आपण म्हणतो, "बोलतोय ना, मग काही नाही. सकाळी बघू."

बोलता बोलता गेलेला माणूस

कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. तेथे हाड मोडले तर ती वाहिनी फाटून कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. असा रुग्ण कधी कधी पडल्यावर क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, नाव-गाव सांगतो, पाणी मागतो. तास-दोन तासांनी डोके ठणकू लागते, उलट्या होतात, झोप अनावर होते. एका डोळ्याची बाहुली मोठी होते आणि रुग्ण गाढ बेशुद्धीत जातो. मधल्या त्या शुद्धीच्या वेळेने नातेवाईक फसतात, कधी डॉक्टरही फसतात. ही गाठ वेळेत काढली तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर हातचा जातो.

मेंदूच्या आवरणाखाली साचणारे रक्त याहून घातक असते. १९८१ साली अमेरिकेतील रिचमंड येथील ८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी गाठ चार तासांच्या आत काढलेल्यांपैकी शेकडा ३० दगावले. चार तासांनंतर काढलेल्यांपैकी शेकडा ९०. पुढच्या अभ्यासांत सर्वत्र एवढी तफावत आढळली नाही, हे खरे. पण गाठ असेल तर घड्याळाकडे पाहायलाच हवे, यावर दुमत नाही.

सीटी स्कॅनचे मोल इथे कळते. गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. १९७९ साली त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी कवटीत रक्त कुठे साचले आहे हे कळायला डॉक्टरांपाशी खात्रीचा मार्ग नव्हता. साध्या एक्स-रेत हाड दिसते, रक्ताची गाठ दिसत नाही. 'एक्स-रे चांगला आला' म्हणून निर्धास्त होऊ नये.

मोठे रुग्णालय म्हणजे काय?

इंग्लंड व वेल्समध्ये १९८९ ते २००३ या काळातील डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २००५ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गंभीर मार लागलेल्या ज्या रुग्णांना मेंदूशल्यविभाग नसलेल्या रुग्णालयातच ठेवले गेले, त्यांचा मृत्यूचा संभव, वय आणि इजेची तीव्रता यांचा हिशेब धरूनही, दुपटीहून अधिक निघाला. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज नव्हती अशांनाही खास केंद्राचा फायदा झाल्याचे दिसले. कारण तिथे रात्रंदिवस पाहणारे प्रशिक्षित डोळे असतात.

तेव्हा 'मोठे' म्हणजे संगमरवरी फरशीचे नव्हे. मोठे म्हणजे जिथे सीटी स्कॅन चोवीस तास होतो, मेंदूशल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतात, शस्त्रक्रियागृह रात्रीही उघडते, रक्त मिळते आणि अतिदक्षता विभागात तासातासाला रुग्णाची नोंद होते. हे सरकारी रुग्णालयातही असू शकते आणि चकचकीत खासगी रुग्णालयात नसूही शकते.

मग जवळच्या छोट्या दवाखान्यात जायचेच नाही काय? तसे नाही. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ७१७ गंभीर रुग्णांच्या अभ्यासात आढळले की, वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. रक्तस्राव थांबवणे, सलाइन लावणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, ऑक्सिजन देणे ही कामे तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतात. ॲरिझोना राज्यात रुग्णवाहिकांवरील कर्मचाऱ्यांना तीनच गोष्टी कसोशीने शिकवल्या गेल्या. ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही, रक्तदाब उतरू द्यायचा नाही आणि श्वास देताना फुगा भराभर दाबायचा नाही. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला. सर्व रुग्ण एकत्र धरले तर फरक दिसला नाही. पण गंभीर, तरी आशा असलेल्या गटात जगण्याचा संभव दुप्पट झाला होता. दिल्लीच्या अभ्यासाशी हे किती जुळते पाहा. पुन्हा तोच मधला गट आणि पुन्हा साधीच कामे.

तात्पर्य, जवळच्या रुग्णालयात रुग्णाला सावरावे, पण तिथे अडकून पडू नये.

तज्ज्ञांमध्येच मतभेद

आता ज्या फरकांवर खुद्द तज्ज्ञांचे एकमत नाही, त्यांकडे वळू. पहिला कवटीतला दाब मोजण्याचा. कवटीला बारीक छिद्र पाडून आत मापक बसवतात आणि दाबाचा आकडा पडद्यावर दिसत राहतो. अमेरिकेतील ब्रेन ट्रॉमा फाउंडेशन या संस्थेने १९९५ साली गंभीर माराच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत या मापकाची शिफारस होती. तरीही २००२ साली तेथीलच ३४ केंद्रांची पाहणी झाली तेव्हा कुठे बहुतेक पात्र रुग्णांना मापक बसवलेला आढळला, तर कुठे मोजक्याच. मापक अधिक वापरणाऱ्या केंद्रांत मृत्यू कमी होते.

मग श्रेय मापकाचे, की एकूणच दक्षतेचे? त्याचे उत्तर दक्षिण अमेरिकेतून आले. बोलिव्हिया आणि एक्वाडोर या गरीब देशांतील रुग्णालयांत ३२४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला मापक लावला. दुसऱ्या गटावर वारंवार तपासणी आणि ठरलेल्या वेळी सीटी स्कॅन करून उपचार केले. २०१२ साली निकाल लागला. सहा महिन्यांत पहिल्या गटात शेकडा ३९ दगावले, दुसऱ्यात ४१. म्हणजे फरक नगण्य. याचा अर्थ मापक निरुपयोगी असा नव्हे. दुसऱ्या गटातले रुग्णही अतिदक्षता विभागातच होते आणि त्यांच्यावर बारकाईने लक्ष होते. मापक नसलेल्या रुग्णालयाने हात टेकण्याचे कारण नाही, हा त्याचा अर्थ.

दुसरा मतभेद कवटीचे हाड काढण्याचा. औषधांनी दाब उतरत नाही तेव्हा हाडाचा मोठा तुकडा काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून देतात. २०१६ साली ४०८ रुग्णांच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे शेकडा २७ दगावले होते, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी ४९. पण वाचलेल्यांत डोळे उघडे, परंतु कशाचेच भान नाही, अशा अवस्थेतले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात अधिक होते. शेकडा ८.५, तर दुसरीकडे २.१. जीव वाचतो, पण कशा स्थितीत वाचेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच एक डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतो आणि दुसरा कचरतो. हा निर्णय नातेवाइकांना विश्वासात घेऊनच व्हायला हवा. "वाचला तर कसा राहील?" हे विचारण्यात काही गैर नाही.

श्रीमंत देशांतही एकवाक्यता नाही. युरोपातील १८ देशांच्या ६५ केंद्रांतून साडेचार हजार रुग्णांची नोंद ठेवण्यात आली आणि २०१९ साली तिचे निष्कर्ष आले. अतिदक्षता विभागात ठेवलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण सौम्य माराचे होते, आणि कोणाला कुठे ठेवायचे याची रीत केंद्रागणिक बदलत होती.

गाजलेली आणि मागे पडलेली औषधे

नातेवाइकांना सर्वांत जास्त खर्चात टाकते ती औषधांची चिठ्ठी. मेंदूची सूज उतरावी म्हणून डोक्याच्या मारात स्टेरॉइड देण्याची पद्धत अनेक वर्षे जगभर होती. २००४ साली १०,००८ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. स्टेरॉइड दिलेल्यांपैकी दोन आठवड्यांत शेकडा २१ दगावले, न दिलेल्यांपैकी १८. ज्याने वाचायचे त्यानेच घात होत होता. तेव्हापासून डोक्याच्या मारावर हे औषध देऊ नये, हा नियम झाला. (मेंदूतील गाठीच्या आजारात ते अजूनही उपयोगी आहे. दोन्हींची गल्लत करू नये.)

सिटिकोलीन नावाचे औषध 'मेंदूचे टॉनिक' म्हणून आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर त्याची कसोटी घेतली गेली. २०१२ साली निष्कर्ष आला की खोट्या गोळीपेक्षा त्याचा अधिक उपयोग झाला नाही. ज्या घराला सीटी स्कॅनचे पैसे उभे करताना दागिना मोडावा लागतो, त्याने अशा औषधासाठी कर्ज काढू नये.

उलट ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आवरणारे जुने, स्वस्त औषध. २०१९ साली १२ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसले की, मार सौम्य किंवा मध्यम असताना तीन तासांच्या आत ते दिले तर डोक्याच्या माराने होणारे मृत्यू घटतात. अतिगंभीर रुग्णांत तसा स्पष्ट लाभ दिसला नाही. तेव्हा महाग तेच गुणकारी, हा समज इथे चालत नाही.

आपण काय करावे?

अपघातस्थळी रुग्णाला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. मानेलाही इजा असू शकते, म्हणून डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून हलवावे. उलटी होत असेल तर मान न वळवता सबंध शरीर कुशीवर करावे. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी. ही सेवा विनामूल्य आहे. "दारू प्यायलाय, उतरली की उठेल" असे म्हणून कोणालाही टाकून देऊ नये. दारूची गुंगी आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची गुंगी वरून सारखीच दिसते.

पोलिसांच्या फेऱ्यात सापडू, या भीतीनेही मागे हटू नये. कोणत्याही जखमीवर तातडीचे उपचार करणे प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितले. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर याच न्यायालयाने २०१६ साली शिक्कामोर्तब केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली.

रुग्णालयात पोहोचल्यावर शांतपणे हे प्रश्न विचारावेत. बेशुद्धीचे गुण किती आहेत आणि आल्यापासून ते वाढले की घटले? सीटी स्कॅन इथे आत्ता होईल काय? गाठ निघाली तर शस्त्रक्रिया इथे होईल काय, नाहीतर कुठे पाठवाल? तिथे फोन झाला काय? रुग्ण हलवताना सोबत ऑक्सिजन आणि जाणकार माणूस असेल काय? केसपेपर आणि स्कॅनची फिल्म बरोबर घ्यावी. पुढच्या डॉक्टरांचा निम्मा वेळ त्याने वाचतो. निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयात खाट आहे याची खात्री न करता दारोदार फिरणे, हे आपल्याकडे अनेकांच्या जिवावर बेतते.

पैशाच्या बाबतीत, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्ड आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या उपचारांची तरतूद तीत आहे. त्याचीही चौकशी करावी.

रुग्णाला घरी पाठवले, तरी पहिला दिवस-रात्र जाणते माणूस जवळ असावे. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, असंबद्ध बोलणे, हातापायात अशक्तपणा, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, उठवूनही जाग न येणे, यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. वृद्ध माणसे, आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, यांच्यात रक्त सावकाश साचते. न्हाणीघरात पाय घसरून पडलेले आजोबा तीन आठवड्यांनी विसराळू झाले, चालताना एका बाजूला झुकू लागले, तर तो केवळ म्हातारपणाचा दोष समजू नये. ही गाठ छोट्या शस्त्रक्रियेने काढता येते.

रुग्णालयातून सुटल्यावर

शेवटी एका फरकाकडे कोणाचेच फारसे लक्ष जात नाही. टाके निघाले की आपण रुग्ण बरा झाला असे धरतो. पण घरी आलेला माणूस चिडतो, हिशेब चुकतो, रात्र रात्र जागा राहतो, चारचौघांत नको ते बोलतो. घरचे म्हणतात, "स्वभाव बिघडला." वास्तविक ती मेंदूच्या इजेचीच खूण असते. चांगल्या केंद्रात व्यायाम, बोलण्याचे उपचार, स्मरणशक्तीचा सराव यांची सांगड दाखल असतानाच घालतात. आपल्याकडे बहुतेकांना तो सल्लाही मिळत नाही. म्हणून सुट्टी देताना "पुढे कोणाला दाखवू? कामावर केव्हा पाठवू? गाडी केव्हा चालवू द्यावी?" हे आपणच विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. सुधारणा काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षे होत राहते. घरच्यांनी तेवढा धीर धरायला हवा.

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील माणसे शेकडा ४४ हून अधिक. हेल्मेटने मृत्यूचा धोका शेकडा ४२ ने आणि डोक्याच्या इजेचा शेकडा ६९ ने कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत आढळले आहे. वर सांगितलेल्या कोणत्याही औषधाला एवढे यश आलेले नाही. बाजारात जाऊन यायचे आहे म्हणून ते खुंटीला ठेवू नये, आणि मागे बसणाऱ्यालाही घालायला लावावे. हनुवटीखालचा पट्टा मात्र आठवणीने बांधावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडण्याआधीच डोक्यावरून निघून जाते.